तीन सायकली, एक तंबू आणि जपानचा किनारा : दिवाळीच्या सुट्टीत जमेल का?

रानजाई | १२ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

आम्ही चौघं, ठाण्याचे. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि धाकटा, जो ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करेल. जानेवारीत रेवदंड्याहून दिवेआगरपर्यंत सायकलीने गेलो होतो, मध्ये आगरदांडा-दिघी फेरीने खाडी ओलांडून. रोजचे पंचवीसएक किलोमीटर. लेक स्वतःच्या सायकलवर, धाकटा बाबाच्या मागच्या सीटवर. मुरूडला एका वाडीत सुपारीखाली तंबू ठोकला होता. तेव्हापासून दोघांचं एकच पालुपद, "परत कधी?"

दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे ओसाकाला जायचं ठरतंय. त्यातले सात-आठ दिवस मोकळे आहेत. नवऱ्याने नकाशा उघडून पॅसिफिककडचा सायकलमार्ग दाखवला, चिबातल्या चोशीपासून वाकायामापर्यंत चौदाशे किलोमीटर. त्यातला एक तुकडा करू म्हणतो. मला तुकडा कुठला घ्यावा हेच कळेना. मुलांना झेपेल, रात्री तंबूत राहता येईल आणि समुद्र सतत दिसेल असा रस्ता हवाय. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. कुणी मुलांना घेऊन गेलं असेल तर मनापासून लिहा. "जाऊ नका" असं वाटत असेल तर तेही लिहा.

झुळूक | १२ जून, रात्री ११:०५

काय सुंदर बेत आहे! माहिती शून्य, पण धागा वाचत राहणार.

क्योबाशीकर | १३ जून, सकाळी ७:१२

ताई, बारा वर्षं ओसाकात आहे. पॅसिफिकचा तुकडा मुलांबरोबर नको. त्या मार्गावर सुरेख पट्टे आहेत, पण मध्ये ट्रकची वर्दळ असलेले रस्ते आणि बोगदेही आहेत. बोगद्यात मागून ट्रक आला की मोठ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो.

तुमच्यासाठी शिमानामी काइदो. हिरोशिमा प्रांतातलं ओनोमिची ते एहिमेतलं इमाबारी, साधारण सत्तर किलोमीटर, सेतोच्या समुद्रातल्या सहा बेटांवरून. १९९९ साली शेवटचे पूल खुले झाले तेव्हाच सायकलींसाठी वेगळी मार्गिका ठेवलेली आहे. बेटांवर रस्त्याच्या कडेने निळी रेघ आखली आहे, ती धरून गेलं की चुकायची भीती नाही.

चढ फक्त पुलांवर जाताना. पुलाखालून मोठी जहाजं जातात म्हणून काही पूल पन्नास-साठ मीटर उंचीवर आहेत, पण सायकलींसाठी वळसे घेत जाणारी वेगळी वाट काढली आहे आणि तिचा चढ तीन टक्क्यांच्या आसपास ठेवलाय. आपल्याकडे खाडीकाठचं गाव सोडलं की जो सडा लागतो, त्या चढापुढे हे काहीच नाही. तुमची लेक सहज चढेल.

आणि एक मोठी सोय, जपानमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात. लेकीला रस्त्याची बाजू नव्याने शिकवावी लागणार नाही.

घाटवाट | १३ जून, सकाळी ९:३०

क्योबाशीकर, थोडा असहमत. शिमानामी छान आहे यात वाद नाही, पण सराईत लोक ती एका दिवसात करतात. आठ दिवस हाताशी आहेत तर पलीकडच्या, जपानच्या समुद्राकडच्या तोयामाच्या आखाताकडे का जाऊ नये? हिमी ते आसाही १०२ किलोमीटर, बहुतेक सगळा सपाट. मी एकट्याने केलाय. आमाहाराशीच्या किनाऱ्यावर सकाळी सहाला उभा होतो. समोर समुद्र, आणि समुद्राच्या पलीकडे थेट पाण्यातून उगवल्यासारखी तातेयामाची रांग, तीन हजार मीटरची. बर्फ होतं वर. पुढ्यात समुद्र आणि त्यावर असा डोंगर मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तिथून पुढे नोतो द्वीपकल्पालाही वळसा घालता येईल.

क्योबाशीकर | १३ जून, दुपारी १:१५

घाटवाट, आमाहाराशीबद्दल शंभर टक्के. नोतोचं मात्र सांभाळून बोलू या. १ जानेवारी २०२४ च्या ७.६ मॅग्निट्यूडच्या भूकंपात तिथला उत्तर किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. वाजिमाकडच्या छोट्या बंदरांचा तळ उघडा पडला, होड्या जागच्या जागी रुतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी होऊन दुरुस्त झालेलं पुन्हा वाहून गेलं. तिथल्या लोकांना पाहुणे हवे आहेत, मोठ्यांनी जरूर जावं. मुलांना सायकलवर घेऊन मात्र आत्ता नको.

शिवाय त्या बाजूला नोव्हेंबर लागताना वायव्येचा वारा आणि पाऊस सुरू होतो. सेतोचा समुद्र दोन्हीकडून डोंगरांनी झाकलेला, तिथे त्या दिवसांत हवा बहुधा कोरडी असते.

मीनाक्षीमावशी | १३ जून, दुपारी ४:५०

रानजाई, रागावू नकोस, पण सहा वर्षांच्या लेकराला परमुलुखात उघड्यावर झोपवायचं? थंडी किती असते? रात्री ताप आला तर? भूकंपाचा देश तो. नणंदेकडे राहून आगगाडीने फिरलात तर नाही का चालणार?

रानजाई | १३ जून, रात्री ९:२०

मावशी, रागावणार कशाला, माझी आईही हेच विचारतेय. ऑक्टोबरअखेर तिथे रात्री बारा-पंधरा अंश असतात असं वाचलं, म्हणजे आपल्या नाशिकच्या थंडीसारखं. पण तुमचा तापाचा प्रश्न रास्त आहे. शिमानामीचं मला त्यासाठीच पटतंय. प्रत्येक बेटावर वस्ती आहे, वाटेल तेव्हा बस पकडून परत फिरता येतं.

घाटवाट, तुमच्या डोंगराने नवऱ्याला पुरतं फितवलंय. घरात दोन पक्ष पडलेत.

सुगरणबाई | १४ जून, सकाळी ८:०२

जेवणाचं कुणीच बोललं नाही! जपानमध्ये शाकाहार म्हणजे दाशीशी गाठ. बोनितो माशाचे सुकवलेले तुकडे घालून काढलेलं पाणी, ते सगळ्यात असतं. मिसो सूपमध्ये, उदोन शेवयांच्या रश्शात, थंड सोबा शेवयांबरोबरच्या सॉसमध्येसुद्धा.

झुळूक | १४ जून, सकाळी ८:३०

मिसो तर सोयाबीनचं असतं ना? मी तर शाकाहारी समजून पुण्यात प्यायले.

सुगरणबाई | १४ जून, सकाळी ८:४४

मिसो सोयाबीनचंच, ते ज्या पाण्यात कालवतात तिथे मासा. घरी कोंबूचं, म्हणजे समुद्रशेवाळाचं पाणी काढून केलं तर शुद्ध शाकाहारी होतं. बाहेर विचारूनच प्यावं.

तंबूत राहणार असाल तर उलट सोपं आहे. स्वतःची चूल म्हणजे स्वतःचं राज्य. दुकानात भाताची तयार पाकिटं मिळतात, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत, शेगडीवर उकळत्या पाण्यात पंधराएक मिनिटांत गरम होतात. मेतकूट आणि तूप घरून न्या. तोफू, रताळी, लाल भोपळा, वांगी कुठल्याही छोट्या सुपरमार्केटात. वाटेत भूक लागली तर ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे : आत उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, किंवा नुसतं मीठ. कोंबूच्या ओनिगिरीत चवीला माशाचा अर्क असू शकतो.

आणि गॅसचा डबा विमानात अजिबात चालत नाही. तिथे जाऊन घ्या. लांबट, घरगुती शेगडीला लावतात तो डबा गावोगाव मिळतो. शेगडी त्याला बसेल अशीच घ्या. डोंगरवाल्यांचा बुटका गोल डबा छोट्या बेटांवर शोधत बसावं लागेल.

घाटवाट | १४ जून, सकाळी १०:१०

या शेगडीच्या सल्ल्यासाठी सुगरणबाईंना माझ्याकडून एक आमरसाची वाटी. मी गोल डबा शोधत एक अख्खी दुपार घालवली होती.

गलबत | १४ जून, रात्री ११:३०

उशिरा आलो, पण सेतोचा समुद्र म्हटल्यावर राहवेना. ही बेटं म्हणजे मुराकामींचा मुलूख. नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा अशी त्यांची तीन घराणी. जपानी इतिहासात त्यांना समुद्री चाचे म्हणतात, पण काम पाहिलं तर आपल्या आंग्र्यांची आठवण येते. या सामुद्रधुन्यांतले प्रवाह त्यांना तोंडपाठ. जहाजांकडून वाटेचं शुल्क घ्यायचं, बदल्यात आपलं निशाण द्यायचं. निशाण असलेल्या जहाजाला कुणी हात लावायचा नाही. कान्होजींचं दस्तक तरी वेगळं काय होतं?

ओशिमा बेटावर त्यांचं संग्रहालय आहे. समोरच्या नोशिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर किल्ला होता, अख्खं बेटच किल्ला. मुलांना कुलाबा आणि जंजिरा दाखवला असेल तर हे बघताना ती जास्त रमतील.

क्योबाशीकर | १५ जून, सकाळी ६:५५

गलबत, छान जोडलंत. एक भर : काळ वेगळा. मुराकामींचा जोर सोळाव्या शतकापर्यंत, तेव्हाचा जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८८ मध्ये चाचेगिरीवर बंदी आणली आणि ते संपलं. कान्होजी १६६९ ते १७२९. पण समुद्र ओळखून राज्य करायची रीत तीच.

गलबत | १५ जून, सकाळी ८:२०

मान्य. आणखी एक सांगतो, मग थांबतो. शेवटच्या पुलाखाली कुरुशिमाची सामुद्रधुनी आहे. तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह दहा नॉटपर्यंत, म्हणजे तासाला अठराएक किलोमीटरपर्यंत जातो. म्हणून जगात इतरत्र नाही असा नियम तिथे आहे : प्रवाहाबरोबर जाणारं जहाज मधल्या वाटेने, प्रवाहाविरुद्ध जाणारं पश्चिमेच्या वाटेने. प्रवाह उलटला की जहाजांच्या वाटाही अदलाबदल होतात. पुलावर सायकल थांबवून मुलांना हे जरूर दाखवा.

दोनचाकी | १५ जून, दुपारी १२:४०

नियमांचं थोडं, कारण मुलं बरोबर आहेत.

तेरा वर्षांखालच्या मुलांना पदपथावर सायकल चालवायला परवानगी आहे. लेकीला गर्दीच्या गावात खुशाल वर घ्या, फक्त चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची. हेल्मेट एप्रिल २०२३ पासून सगळ्यांनी घालावं असा कायदा आहे. दंड नाही, पण मुलांनी घातलंच पाहिजे. मागच्या सीटवर मूल शाळेत जाण्याच्या वयापर्यंतच बसवता येतं. तिकडे सहा पूर्ण झाल्यानंतरच्या एप्रिलात शाळा सुरू होते, म्हणजे तुमचा धाकटा या दिवाळीत बसतो. पुढच्या दिवाळीत नाही बसणार! सीटची वजनमर्यादा तेवढी बघून घ्या.

आगगाडीत सायकल नेता येते, जास्तीचं भाडं नाही, पण सुटी करून पूर्ण पिशवीत घालावी लागते. चाकाचं टोकही बाहेर दिसता कामा नये. अशी सायकल नेण्याला तिथे रिंको म्हणतात, म्हणून ही रिंको पिशवी. शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, डब्यातली शेवटची रांग घ्या, मागे जागा असते.

तंबू मात्र कुठेही नाही. बागेत किंवा रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळाच्या वाहनतळावर ठोकू नका. ठरलेल्या जागा आरक्षित करून जा. आणि कचरा आपला आपण न्यायचा, डबे शोधून सापडत नाहीत.

मीनाक्षीमावशी | १५ जून, संध्याकाळी ६:००

"पुढच्या दिवाळीत नाही बसणार" हे वाचलं आणि माझं मत बदललं. जा बाई. बरोबर थर्मामीटर आणि तापाचं औषध ने.

कोकणपुत्र | १६ जून, सकाळी ७:३०

एवढा खर्च करून जपान कशाला, आपला किनारा काय कमी आहे? वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, फेऱ्या आहेत, समुद्र आहे, शाकाहारी जेवण आहे.

रानजाई | १६ जून, रात्री १०:१५

कोकणपुत्र, कोकणामुळेच तर ही इच्छा झाली. आपल्या फेरीवर सायकल चढवताना जो आनंद झाला, तोच मुलांना दुसऱ्या समुद्रावर दाखवायचाय. पुढच्या उन्हाळ्याआधी वेश्वी-बागमांडला नक्की.

बाकी सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत. शिमानामी ठरलं. एका दिवसाचा रस्ता आम्ही सहा दिवसांत करणार. आल्यावर लिहीन.

झुळूक | ३ ऑक्टोबर, दुपारी २:१०

धागा वर काढतेय. रानजाई, तयारी कुठवर? ओकुनोशिमाला जाणार का, सशांचं बेट?

गलबत | ३ ऑक्टोबर, रात्री ९:००

जाणार असाल तर तिथलं छोटं संग्रहालयही बघा. १९२९ ते १९४५ त्या बेटावर लष्कराचा विषारी वायूचा कारखाना होता, नकाशावरून बेट पुसून टाकलं होतं. संग्रहालय १९८८ चं आहे. लेकीला समजेल असं वय आहे, धाकट्याला ससे पुरेत.

रानजाई | १६ नोव्हेंबर, रात्री ११:४५

आलो! लिहायला उशीर झाला, शाळा सुरू झाली. आता सविस्तर.

ओनोमिचीला गाडीतून उतरून स्टेशनसमोरच सायकली जोडल्या. पलीकडचं मुकाइशिमा दोन-तीनशे मीटरवर, फेरीचा प्रवास पाच मिनिटांचा. फेरीवर शाळेची मुलं सायकली घेऊन उभी होती. धाकट्याने विचारलं, "हे रोज फेरीने शाळेत जातात?" मग उरलेला दिवस त्याला ठाण्याची खाडी फेरीने ओलांडायची होती.

पहिला दिवस १८ किलोमीटर, इन्नोशिमापर्यंत. इथल्या पुलावर सायकलची वाट गाड्यांच्या रस्त्याच्या खालून जाते, जाळीच्या लांबच लांब पिंजऱ्यातून. डोक्यावरून गाडी गेली की सांध्यांवर धडधड-धडधड असा आवाज होतो. लेक आधी घाबरली, मग प्रत्येक धडधडीला ओरडून दाद द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी इकुचिजिमा. हे लिंबांचं बेट. रस्त्याला लागून बागा, आणि बागांच्या कडेला पेट्या ठेवलेल्या : पिशवी घ्या, शंभर येन डब्यात टाका. माणूस कुणी नाही. एका आजोबांनी थांबवून लेकीच्या हँडलच्या टोपलीत संत्र्यासारखी आठ फळं ठेवली, मिकान. पैसे घेईनात. ती त्या रात्री सोलून खाल्ली, सालीचा वास तंबूत दोन दिवस होता.

नरकचतुर्दशी तिथेच आली. पहाटे उठून तंबूतच सगळ्यांना तेल-उटणं लावलं, ओल्या फडक्याने पुसून काढलं. स्नानगृह उघडलं दुपारी, म्हणून अभ्यंगस्नान दुपारी! तिथे आधी बुटक्या स्टुलावर बसून स्वच्छ अंघोळ करायची आणि मगच गरम पाण्याच्या हौदात उतरायचं. शेजारच्या आजी माझ्या दंडाजवळ नाक आणून काहीतरी म्हणाल्या. उटण्याचा वास! कपूरकाचरी कशी समजवायची कळेना, लेकीने हातवारे करून "सण, सण" म्हटलं. कारीट नव्हतं, तर रस्त्यावर गळून पडलेलं हिरवं मिकान धाकट्याने टाचेखाली फोडलं.

पणतीचं सांगते. तंबूच्या जागेत जमिनीवर आग पेटवायला मनाई असते. आम्ही रखवालदार काकांना फोनवर भाषांतर करून विचारलं, एक दिवा टेबलावर लावू का? ते काही न बोलता गेले. वाटलं, नाराज झाले. पाच मिनिटांनी पाण्याची भरलेली बादली आणि स्टीलची एक ताटली घेऊन आले. ताटलीत पणती ठेवायला लावली, बादली शेजारी ठेवली, आणि पणती विझेपर्यंत हात मागे बांधून आमच्याबरोबर उभे राहिले. सुगरणबाई, त्यांना तुमच्या सांगण्यावरून नेलेल्या तुपाचा आणि बेसनाचा लाडू दिला. दोन्ही हातांनी घेतला.

तातारा पुलाच्या खांबाखाली लाकडी पट्ट्या ठेवल्यात. त्या एकमेकींवर आपटल्या की आवाज खांबांमधून वर वर चढत जातो. मुलांनी तिथे पाऊण तास काढला, मागचे लोक शांतपणे आपली पाळी येण्याची वाट बघत होते. पुलाच्या मध्यावर हिरोशिमा आणि एहिमेची हद्द रंगवलेली आहे. धाकट्याने एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढला.

आता फजिती. ओमिशिमावर तंबू ठोकताना सपाट जागा बघितली, पण ती आजूबाजूपेक्षा बोटभर खोलगट होती. रात्री दोनला पाऊस आला आणि खालून पाणी शिरलं. पांघरुणं, मुलं, सगळं उचलून आम्ही स्वयंपाकाच्या छपराखाली आलो. मुलांना बाकांवर झोपवलं, आम्ही दोघं चहा करत उजाडेपर्यंत बसलो. चूक पूर्ण आमची. पुढे रोज तंबू ठोकण्याआधी नवरा जागेवर बाटलीतलं पाणी ओतून ते कुठे वाहतं ते बघायचा.

दुसऱ्या दिवशी सायकल चालवलीच नाही. कपडे नाण्यांच्या यंत्रात वाळवले, ओयामाझुमी देवळातला प्रचंड कापराचा वृक्ष पाहिला, हजारो वर्षांचा सांगतात. संध्याकाळी पाचला गावातल्या कर्ण्यांवर एक धून वाजली. ती रोज वाजते, मुलांनी घरी परतायची वेळ. तोवर दोघांना तिची सवय झाली होती. ती वाजली की दोघं खेळ टाकून आपोआप तंबूकडे येत. सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, त्यामुळे वेळही बरोबर होती.

क्योबाशीकर, तुमचा तीन टक्के चढ अगदी खरा. लेक एकदाही उतरली नाही. गलबत, कुरुशिमाच्या पुलावर आम्ही तासभर थांबलो. पाणी उकळल्यासारखं गरगरत होतं. एक मालवाहू जहाज प्रवाहाविरुद्ध इतकं हळू चाललं होतं की धाकटा म्हणाला, "आई, ते पण चढ चढतंय."

एकूण ११२ किलोमीटर, आजूबाजूच्या फेऱ्या धरून. सशांच्या बेटावर नाही गेलो, तो दिवस पावसात गेला.

मीनाक्षीमावशी | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

बादलीवाल्या माणसाचं वाचून डोळे भरून आले. ताप नाही ना आला कुणाला?

रानजाई | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

नाही मावशी. भिजलेल्या रात्रीनंतर मी चार वेळा थर्मामीटर लावला, दोघं ठणठणीत.

घाटवाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

फार सुंदर लिहिलंत. एका दिवसाचा रस्ता म्हणून मी हिणवला, त्यात तुम्ही जे पाहिलं ते मला दिसलं नसतं, मी पुलाच्या पट्ट्या वाजवायला थांबलोच नसतो. तरी आमाहाराशी सोडू नका. लेक तेरा-चौदाची झाली की तिघांच्या... नाही, चौघांच्या चार सायकली होतील.

दोनचाकी | १७ नोव्हेंबर, दुपारी १:००

लेकीची सायकल रिंको पिशवीत किती वेळात जायची? आमची मुलगी नऊ वर्षांची आहे, मार्चचा विचार चाललाय.

रानजाई | १७ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पहिल्यांदा पन्नास मिनिटं, परतताना इमाबारीला अठरा. चाकं २४ इंची. मागचं चाक काढण्याआधी साखळी सगळ्यात लहान दात्यावर आणा, आणि पॅडल काढायचा पाना घरीच एकदा लावून बघा. आमचं डावं पॅडल इतकं घट्ट होतं की ओसाकात नणंदेच्या जिन्यावर दोघांनी मिळून सोडवलं. डावं उलट्या आट्यांचं असतं. पिशवीचं मोजमाप उद्या टेप लावून इथेच लिहिते.